डकारचे महापौरपद आणि राज्याची तिजोरी

आफ्रिका खंडाच्या अगदी पश्चिमेला, अटलांटिक महासागरात शिरलेल्या द्वीपकल्पावर वसलेले डकार हे सेनेगलच्या राजधानीचे शहर आहे. देशाच्या एकूण क्षेत्रफळाचा अर्धा टक्काही न भरणाऱ्या डकार प्रदेशात देशातील एक पंचमांशाहून अधिक लोक राहतात, आणि बंदर, बँका, मंत्रालये, विद्यापीठ, वृत्तपत्रे व मोठे उद्योग हे बहुतेक सगळे तेथेच एकवटले असल्यामुळे, या शहराचा महापौर कोण होतो हा प्रश्न केवळ रस्ते, गटारे आणि दिवाबत्ती यांपुरता कधीच राहत नाही. ज्याला डकारची मते मिळतात त्याच्याकडे उद्याचा राष्ट्राध्यक्ष म्हणून पाहिले जाते, आणि नेमक्या त्याच कारणाने सत्तेवर असलेला राष्ट्राध्यक्ष त्याला आपला प्रतिस्पर्धी समजू लागतो. २००९ ते २०१८ या काळात डकारचे महापौर असलेले खलिफा साल यांची कारकीर्द या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखी आहे. लोकांनी निवडणुकीत दिलेली सत्ता आणि ती राबवण्यासाठी लागणारा पैसा या दोन गोष्टी वेगवेगळ्या हातांत असल्या म्हणजे लोकप्रिय महापौराचे काय होते, हे तिच्यात जितके स्वच्छ दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

या पदाला मोठा इतिहास आहे. फ्रेंच वसाहतीच्या काळात सें-लुई, गोरे, रुफिस्क आणि डकार या चार नगरांना विशेष दर्जा होता; वसाहतीतील बाकीची जनता निव्वळ प्रजा समजली जात असताना या चार नगरांतील मूळ आफ्रिकी रहिवाशांना मतदानाचा हक्क होता. १८८७ मध्ये डकारला स्वतंत्र नगरपालिका मिळाली आणि १९०२ पासून हे शहर संपूर्ण फ्रेंच पश्चिम आफ्रिकेची राजधानी झाले. १९१४ मध्ये फ्रान्सच्या संसदेवर निवडून गेलेले पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकी प्रतिनिधी ब्लेझ दियान्य पुढे डकारचे महापौर झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर हे पद लामिन गेय यांच्याकडे आले, आणि फ्रेंच वसाहतींतील सर्व रहिवाशांना नागरिकत्व देणारा १९४६ चा कायदा आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. स्वातंत्र्याच्या कितीतरी आधी आफ्रिकी माणूस मतपेटीच्या जोरावर ज्या थोड्या सार्वजनिक पदांवर बसू शकत होता, त्यांपैकी हे एक होते. म्हणून डकारच्या लोकांच्या मनात त्याविषयी जो अभिमान आहे, तो १९६० मध्ये जन्माला आलेल्या राष्ट्राध्यक्षपदाविषयीच्या अभिमानाहून जुना आहे.

खलिफा अबाबकार साल यांचा जन्म १९५६ मध्ये देशाच्या वायव्येकडील लुगा या गावी झाला. ते वाढले मात्र डकारच्या ग्राँ योफ या दाट, कष्टकऱ्यांच्या वस्तीत. शालेय वयातच ते समाजवादी पक्षाच्या युवक शाखेत आले. कवी आणि पहिले राष्ट्राध्यक्ष लेओपोल्द सेदार सेंघोर यांनी घडवलेला, स्वातंत्र्यापासून सलग ४० वर्षे देशावर राज्य करणारा तो पक्ष. विद्यापीठात इतिहासाचा अभ्यास, १९८३ मध्ये संसदेत प्रवेश, सेंघोर यांचे उत्तराधिकारी अब्दू जूफ यांच्या कारकिर्दीत दोनदा मंत्रिपद, आणि त्यांपैकी दुसऱ्या वेळी व्यापारखाते, असा त्यांचा प्रवास पक्षाच्या पायऱ्या एकेक करून चढणाऱ्या कार्यकर्त्याचा होता. मितभाषी, सभेत आवाज न चढवणारा, पण वस्तीवस्तीतील माणसे नावानिशी ओळखणारा संघटक अशी त्यांची ख्याती होती. २००० मध्ये अब्दुलाय वाद यांनी समाजवादी पक्षाचा पराभव केला तेव्हा पक्षातील अनेक जण नव्या सत्ताधाऱ्यांकडे गेले. खलिफा जागचे हलले नाहीत, आणि या चिकाटीचे फळ त्यांना ९ वर्षांनी मिळाले.

२२ मार्च २००९ रोजी झालेल्या स्थानिक निवडणुकांत राष्ट्राध्यक्ष वाद यांचे पुत्र करीम वाद डकारमध्ये उमेदवार होते. वडिलांच्या पश्चात देशाची सूत्रे मुलाच्या हाती यावीत आणि त्यासाठी राजधानीचे महापौरपद ही पहिली पायरी ठरावी, अशी ही योजना असल्याचे त्या वेळी सर्वत्र मानले जात होते. डकारच्या मतदारांनी ती उधळून लावली. विरोधकांची आघाडी जिंकली आणि नव्या महापालिकेने खलिफा यांना महापौर निवडले. त्या काळात महापौराची निवड थेट मतदार करीत नसत, तर निवडून आलेले नगरसेवक करीत असत.

त्याच निवडणुकीत फातिक या छोट्या शहरात माकी साल नावाचे आणखी एक नेते महापौर झाले. दोघांचे आडनाव एक असले तरी त्यांच्यात नाते नाही, आणि सेनेगलमध्ये दोघांनाही पहिल्या नावानेच ओळखले जात असल्याने येथेही तीच पद्धत ठेवली आहे. माकी हे वाद यांचे पंतप्रधान आणि नंतर संसदेचे अध्यक्ष होते. करीम वाद यांना एका मोठ्या सरकारी खर्चाचा जाब विचारण्यासाठी संसदेपुढे बोलावण्याचा प्रयत्न त्यांनी केला, तेव्हा अध्यक्षपदाची मुदतच कमी करण्यात आली, आणि २००८ च्या अखेरीस त्यांनी सगळी पदे सोडून स्वतःचा पक्ष काढला. फातिकच्या महापालिकेतून पुन्हा सुरुवात करून ते २०१२ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. स्थानिक पदाच्या आधारावर सर्वोच्च पदापर्यंत कसे जाता येते, हे माकी यांनी स्वतःच दाखवून दिले होते. त्यामुळे डकारमधल्या महापौराचे बळ त्यांना इतर कोणाहीपेक्षा अधिक नीट कळत असणार, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही. २०१२ च्या दुसऱ्या फेरीत समाजवादी पक्षाने, आणि त्यासोबत खलिफा यांनी, माकी यांनाच पाठिंबा दिला होता, आणि काही काळ दोघे एकाच सत्ताधारी आघाडीत होते.

पुढे जे घडले ते समजण्यासाठी डकारच्या महापालिकेची आर्थिक घडी समजणे आवश्यक आहे. फ्रान्सकडून आलेल्या प्रशासनपद्धतीत सार्वजनिक पैशाच्या बाबतीत दोन अधिकार काटेकोरपणे वेगळे ठेवलेले असतात. खर्चाचा आदेश देणारा एक आणि प्रत्यक्ष रक्कम चुकती करणारा दुसरा. महापौर आदेश देतो. पैसे देणारा लेखापाल मात्र महापालिकेचा नोकर नसून राज्याच्या कोषागाराचा अधिकारी असतो. महापालिकेचा सगळा पैसा कोषागारातच ठेवावा लागतो, तिला बँकेत स्वतंत्र खाते उघडता येत नाही, आणि महत्त्वाचे कर आकारून वसूल करण्याचे कामही राज्याच्याच यंत्रणेकडे असते. याशिवाय राज्याने नेमलेला प्रांताधिकारी महापालिकेच्या महत्त्वाच्या निर्णयांना मंजुरी देतो किंवा ते अडवतो. मुंबईसारख्या शहरात महापौरपद मुख्यतः मानाचे असते आणि कार्यकारी सत्ता राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे असते, हे मराठी वाचकांना परिचित आहे. डकारमध्ये महापौर स्वतःच कार्यकारी प्रमुख असतो, परंतु त्याने सही केलेल्या कागदावर पैसे निघतीलच अशी खात्री त्याला देता येत नाही.

या मर्यादांतही पहिल्या कार्यकाळात खलिफा यांनी लोकांच्या नजरेत भरणारी कामे केली. सार्वजनिक शाळांतील मुलांना दूध देण्याची योजना सुरू झाली, आणि गल्लीबोळ डांबराऐवजी दगडी फरशांनी बांधण्याचे काम हाती घेतले गेले, ज्यात यंत्रांपेक्षा हातांना अधिक काम मिळत असल्याने वस्तीतील तरुणांना रोजगार मिळाला. परदेशातही त्यांचे नाव झाले. आफ्रिकेतील स्थानिक शासनसंस्थांच्या महासंघाचे ते अध्यक्ष होते. पण ज्या प्रश्नावर त्यांनी सर्वांत अधिक विचार केला आणि ज्यावर त्यांना सर्वांत मोठी हार पत्करावी लागली, तो प्रश्न फेरीवाल्यांचा होता.

डकारच्या मध्यभागी, सांदागा बाजाराच्या भोवती, हजारो विक्रेते पदपथावर आणि रस्त्यावर कपडे, चपला, मोबाइल फोनची कव्हरे, फळे आणि भांडी विकतात. त्यांतील बहुतेक जण दुष्काळाने किंवा शेतीच्या ओढाताणीने गाव सोडून आलेले तरुण असतात. त्यांच्याजवळ गाळा नसतो, परवाना नसतो, आणि दिवसाच्या विक्रीवरच त्या दिवसाचे जेवण अवलंबून असते. नोव्हेंबर २००७ मध्ये वाद सरकारने त्यांना एकदम हटवण्याचा आदेश काढला, तेव्हा शहरात दंगल उसळली आणि सरकारला माघार घ्यावी लागली. खलिफा यांच्या महापालिकेने यातून घेतलेला धडा असा, की विक्रेत्यांना हटवण्याआधी त्यांना जाण्यासाठी जागा हवी, आणि ती गिऱ्हाइकांच्या वाटेवरच हवी, कारण गिऱ्हाईक नसलेल्या इमारतीत कोणीही टिकत नाही. शहराच्या मध्यातच, पेटर्सन या वाहतुकीच्या गजबजलेल्या भागाजवळ मोठी बाजारपेठ बांधण्याची योजना त्यातून तयार झाली. मात्र त्यासाठी लागणारा पैसा महापालिकेच्या वार्षिक उत्पन्नातून उभा राहणे शक्य नव्हते.

तेव्हा महापालिकेने रोखे काढण्याचे ठरवले. रोखे म्हणजे गुंतवणूकदारांकडून ठराविक मुदतीसाठी आणि ठराविक व्याजाने घेतलेले कर्ज, ज्याची परतफेड शहर आपल्या उत्पन्नातून करते. पुणे महानगरपालिकेने २०१७ मध्ये पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपये याच मार्गाने उभे केले. डकारचे रोखे २,००० कोटी सीएफए फ्रँक इतक्या रकमेचे, म्हणजे त्या वेळच्या सुमारे ३ कोटी युरोंचे होते. सीएफए फ्रँक हे पश्चिम आफ्रिकेतील ८ देशांचे सामाईक चलन असून त्याचा दर युरोशी कायमचा बांधलेला आहे. या चलनाच्या प्रदेशात केंद्र सरकारच्या हमीशिवाय एखाद्या शहराने रोखे काढण्याचा हा पहिलाच प्रयत्न होता, आणि त्यासाठी महापालिकेने अनेक वर्षे तयारी केली होती. आपले हिशोब तपासून घेतले, पतमानांकन करून घेतले, गेट्स फाउंडेशनकडून तयारीचा खर्च मिळवला, अमेरिकेच्या विकास साहाय्य संस्थेकडून अर्ध्या रकमेची हमी मिळवली आणि प्रादेशिक भांडवल बाजाराच्या नियामकाची मंजुरीही घेतली. सगळे कागद तयार असताना, २०१५ च्या सुरुवातीला, रोखे विक्रीला येण्याच्या तोंडावर, अर्थ मंत्रालयाने हरकत घेतली आणि ती विक्री थांबली. शहराने कर्ज बुडवले तर शेवटी बोजा राज्यावर येईल, आणि महापालिकेला असे कर्ज काढण्याचा अधिकार नाही, अशी सरकारची भूमिका होती. सरकारचा हा युक्तिवाद अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही. परंतु ही हरकत तयारीच्या वर्षांत न येता अखेरच्या क्षणी आली, आणि ती आली तेव्हा महापौर आणि राष्ट्राध्यक्ष यांचे राजकीय मार्ग वेगळे झालेले होते, ही गोष्ट नजरेआड करता येत नाही. ते रोखे पुढे कधीच निघाले नाहीत, आणि ज्यांच्यासाठी बाजारपेठ उभी राहायची होती ते विक्रेते रस्त्यावरच राहिले. या साऱ्या प्रकरणात सर्वाधिक नुकसान झाले ते त्यांचे, आणि त्यांची बाजू मांडायला कोणत्याही न्यायालयात कोणीही उभे राहिले नाही.

मार्ग वेगळे झाल्याची जाहीर खूण २०१४ च्या निवडणुकीत दिसली होती. सत्ताधारी आघाडीच्या यादीत सामील होण्याऐवजी खलिफा यांनी ‘तखावु डकार’, म्हणजे डकारच्या पाठीशी उभे राहू या, या नावाची स्वतंत्र आघाडी उभी केली. त्यांच्या ग्राँ योफ या बालेकिल्ल्यात राष्ट्राध्यक्षांनी थेट पंतप्रधान अमिनाता तूरे यांना रिंगणात उतरवले. २९ जून २०१४ रोजी तूरे हरल्या, आणि थोड्याच दिवसांत त्यांचे पंतप्रधानपदही गेले. नगरपालिकेच्या निवडणुकीने देशाचा पंतप्रधान बदलावा, ही घटना कोणत्याही देशाच्या इतिहासात विरळाच मानावी लागेल. पण निवडणुकीच्या ६ महिने आधीच स्थानिक शासनाचा कायदा बदलण्यात आला होता. डकारच्या पोटातील १९ प्रभागांना स्वतंत्र नगरपालिकांचा दर्जा देण्यात आला, आणि त्यांच्यावरील डकार महापालिकेचे अधिकार व उत्पन्न दोन्ही आटले. पुढच्या वर्षी कचरा गोळा करण्याचे कामही राज्याच्या यंत्रणेकडे गेले, आणि शहराच्या मध्यवर्ती स्वातंत्र्य चौकाच्या नूतनीकरणावरूनही महापालिका आणि प्रशासन यांच्यात संघर्ष झाला. विकेंद्रीकरणाचा हेतू चांगला असू शकतो, आणि प्रभागांना अधिकार देणे हे तत्त्वतः लोकशाहीशी सुसंगतच आहे; परंतु अधिकार खाली देताना ते राष्ट्रीय सरकारने स्वतःजवळचे न देता विरोधी महापौराजवळचे काढून दिले, या बाबीकडे दुर्लक्ष करून या सुधारणेचे मोजमाप करता येत नाही.

यानंतर खलिफा यांचा संघर्ष त्यांच्या स्वतःच्या पक्षाशीही सुरू झाला. समाजवादी पक्षाचे सरचिटणीस उस्मान तानोर जेंग यांना राष्ट्राध्यक्षांशी असलेली आघाडी टिकवायची होती, तर पक्षाने २०१९ मध्ये स्वतःचा उमेदवार द्यावा असे खलिफा यांच्या गटाचे म्हणणे होते. मार्च २०१६ मधील घटनादुरुस्तीच्या सार्वमतात पक्षाने होकाराचा प्रचार केला आणि खलिफा यांनी नकाराचा. पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्यांची आणि त्यांच्या अनेक सहकाऱ्यांची पक्षातून हकालपट्टी झाली. तोपर्यंत ते तुरुंगात गेलेले होते.

ज्या प्रकरणात ते तुरुंगात गेले त्याचा केंद्रबिंदू एक छोटीशी आर्थिक सोय होती. प्रत्येक देयक कोषागारातून मंजूर होऊन येईपर्यंत किरकोळ व तातडीचा खर्च अडून राहू नये म्हणून महापालिकेत आगाऊ खर्चाची रोकड ठेवली जाते. फ्रेंच परंपरेतील ही सर्वमान्य व्यवस्था आहे. डकारमध्ये या रोकडीतून महिन्याला ३ कोटी फ्रँक काढले जात, आणि त्यांच्या हिशोबात तांदूळ व बाजरीच्या खरेदीची बिले लावली जात. राज्याच्या महानिरीक्षकांनी केलेल्या तपासणीत ही बिले खोटी असल्याचे, म्हणजे ते धान्य कधी आलेच नसल्याचे आढळले. २०११ ते २०१५ या काळातील रक्कम एकूण सुमारे १८३ कोटी फ्रँक, म्हणजे साधारण २८ लाख युरो भरली. ७ मार्च २०१७ रोजी खलिफा यांना अटक होऊन डकारच्या रेबस तुरुंगात ठेवण्यात आले, आणि महापालिकेच्या वित्तविभागाचे प्रमुख व इतर काही कर्मचारीही त्यांच्याबरोबर आरोपी झाले.

बचाव पक्षाने धान्य आल्याचा दावा केला नाही, आणि या खटल्याचे खरे महत्त्व त्यातच आहे. त्यांचे म्हणणे असे होते, की ही रोकड प्रत्यक्षात महापौराचा राजकीय निधी होती आणि खलिफा येण्याच्या कितीतरी आधीपासून ती तशीच वापरली जात होती. दारात येणाऱ्या गरजूंना औषधपाणी, अंत्यसंस्कार, धार्मिक सण, शाळेची फी यांसाठी मदत करणे, धार्मिक कुटुंबांचा मान राखणे, अशा ज्या खर्चाची पावती मिळत नाही, त्यासाठी तो पैसा जात असे, आणि बिले ही केवळ हिशोबाची औपचारिकता होती. सेनेगलमधील सार्वजनिक जीवनाची ज्यांना माहिती आहे त्यांना हे वर्णन खोटे वाटणार नाही. मोठ्या माणसाने दारात आलेल्याला रिकाम्या हाताने परत पाठवू नये ही अपेक्षा तेथे फार खोलवर रुजलेली आहे, आणि हिशोब न मागितला जाणारा राजकीय निधी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयालाही असतो. तरीही खोटे बिल हे खोटेच असते. जी पद्धत सर्वांना माहीत आहे ती कायदेशीर आहे असे होत नाही, आणि मंत्रिपद भूषवलेल्या, हिशोबाची रीत जाणणाऱ्या नेत्याने ती बदलण्याऐवजी चालू ठेवली, ही खलिफा यांची चूक होती व ती लहान नव्हती. त्याच वेळी, देशभरातील शेकडो नगरपालिकांमधून नेमक्या त्याच महापौरावर खटला भरला गेला ज्याच्यापासून राष्ट्राध्यक्षांना पुढच्या निवडणुकीत सर्वाधिक धोका होता, हेही तितकेच खरे आहे. २०१५ मध्ये करीम वाद यांना बेकायदा संपत्तीच्या प्रकरणात ६ वर्षांची शिक्षा झाली होती; म्हणजे दोन संभाव्य प्रतिस्पर्धी, दोन वेगळे खटले, आणि दोघांसाठी परिणाम एकच. खलिफा दोषी होते की राजकीय सूडाचे बळी होते, असा प्रश्न विचारणाऱ्यांना या प्रकरणाचे अर्धेच चित्र दिसते. कायदा मोडलेला असणे आणि कायद्याचा बडगा निवडक डोक्यावर पडणे या दोन्ही गोष्टी येथे एकाच वेळी घडल्या.

तुरुंगात असतानाच जुलै २०१७ मध्ये संसदेच्या निवडणुका झाल्या. खलिफा आपल्या आघाडीच्या राष्ट्रीय यादीचे प्रमुख होते आणि निवडून आले. डकारमध्ये मात्र त्यांची आघाडी थोड्या मतांनी मागे पडली, आणि जिल्ह्यात ज्याची मते अधिक त्याला सगळ्या जागा, या नियमामुळे तेथील सातही जागा सत्ताधाऱ्यांना गेल्या. खासदार म्हणून मिळालेले संरक्षण नोव्हेंबरमध्ये संसदेने काढून घेतले. ३० मार्च २०१८ रोजी न्यायालयाने त्यांना ५ वर्षांची कैद सुनावली. सार्वजनिक पैशाच्या अपहाराच्या आरोपातून त्यांची सुटका झाली, पण सार्वजनिक पैशासंबंधी फसवणूक आणि बनावट कागदपत्रे या आरोपांत ते दोषी ठरले.  जून २०१८ मध्ये पश्चिम आफ्रिकी राष्ट्रसमूहाच्या न्यायालयाने, खलिफा यांचे निर्दोषत्व गृहीत धरले जाण्याचे, वकिलाच्या साहाय्याचे आणि निःपक्ष सुनावणीचे हक्क डावलले गेले असा निकाल देऊन सेनेगल सरकारला भरपाई देण्यास सांगितले. देशातील अपील न्यायालयाने तरीही ३० ऑगस्टला शिक्षा कायम केली. दुसऱ्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयातील दाद बाकी असताना, राष्ट्राध्यक्षांच्या फर्मानाने त्यांना महापौरपदावरून दूर करण्यात आले. सप्टेंबरमध्ये महापालिकेने त्यांच्याच सहकारी सोहाम वार्दिनी यांना महापौर निवडले. निवडून आलेल्या त्या डकारच्या पहिल्या महिला महापौर. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खलिफा यांचा अर्ज फेटाळला, घटना परिषदेने त्यांची राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी नाकारली, आणि पुढच्या महिन्यात माकी पहिल्याच फेरीत ५८ टक्के मतांनी पुन्हा निवडून आले. त्यानंतर ७ महिन्यांनी, २९ सप्टेंबर २०१९ रोजी, त्यांच्याच माफीच्या आदेशाने खलिफा तुरुंगातून बाहेर पडले.

मधल्या अडीच वर्षांत देशाचे राजकारण बदलले होते. कर खात्यातून बडतर्फ झालेले तरुण अधिकारी उस्मान सोंको यांनी २०१९ मध्ये तिसरे स्थान मिळवले होते, आणि शहरी तरुणांचा राग व आशा दोन्ही त्यांच्याकडे वळत होत्या. प्रथम खलिफा आणि सोंको एकाच आघाडीत होते, आणि जानेवारी २०२२ मध्ये, महापौराची निवड प्रथमच थेट मतदारांनी केली तेव्हा, त्या आघाडीने खलिफा यांचे जुने सहकारी बार्तेलेमी दियास यांच्या रूपाने डकार जिंकले. फूट पडली ती २०२३ च्या उन्हाळ्यात. माकी यांनी बोलावलेल्या राष्ट्रीय संवादावर सोंको यांच्या पक्षाने बहिष्कार घातला. खलिफा मात्र त्यात सहभागी झाले. त्याच संवादातून निवडणूक कायदा बदलला आणि माफी मिळालेल्यांना उमेदवारीचा हक्क परत मिळाला. आयुष्यभर वाटाघाटीचे राजकारण करत आलेल्या नेत्याच्या दृष्टीने हा रास्त मार्ग होता, पण त्याच दिवसांत सोंको यांच्या समर्थकांवर गोळ्या झाडल्या जात होत्या आणि शेकडो तरुण तुरुंगात जात होते. ज्या माणसाने तुरुंग भोगला होता तोच आता तुरुंगात टाकणाऱ्याबरोबर एका टेबलावर बसला, असे या तरुणांना वाटले, आणि त्यांनी ते विसरण्यास नकार दिला. मार्च २०२४ च्या निवडणुकीत सोंको यांचे सहकारी बासिरू जोमाय फाय, मतदानाच्या १० दिवस आधी तुरुंगातून सुटून, ५४ टक्के मतांनी राष्ट्राध्यक्ष झाले. खलिफा यांना दीड टक्क्याच्या आसपास मते मिळाली. ज्या निवडणुकीला उभे राहता यावे म्हणून त्यांनी सात वर्षे झगडा केला ती त्यांच्या वाट्याला आली तेव्हा तिचा काळ निघून गेला होता.

महापौरपदाचे प्रश्न मात्र त्यांच्याबरोबर संपले नाहीत. दियास यांना, २०११ मधील एका हिंसक घटनेत झालेल्या शिक्षेच्या आधारे, डिसेंबर २०२४ मध्ये प्रांताधिकाऱ्याने महापौरपदावरून दूर केले. म्हणजे थेट मतदानाने आलेला पहिला महापौरही मुदत पूर्ण करू शकला नाही, आणि हे घडले ते माकी यांच्या नव्हे तर त्यांच्या विरोधकांच्या राजवटीत. ऑगस्ट २०२५ मध्ये महापालिकेने सत्ताधारी पक्षाचे आबास फाल यांना उरलेल्या मुदतीसाठी निवडले, आणि बऱ्याच वर्षांनी महापौर व राष्ट्राध्यक्ष यांचा पक्ष एक झाला. कर वसूल करणारा, पैसे ठेवणारा आणि देयक चुकते करणारा अधिकारी मात्र पूर्वीप्रमाणेच राज्याचा आहे, आणि पेटर्सनजवळचे विक्रेते आजही पदपथावरच माल मांडतात.